दोन रुपयांचा हिशेब

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या भाषेवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही ते वाटते. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तुळजापूर तालुक्यातील आमच्या गावाहून मी रोज एस.टी.ने येते. तास संपल्यावर परतीच्या गाडीला दीड-दोन तास अवकाश असतो, आणि तो मी ग्रंथालयात काढते. तेथे कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स ही प्रणाली आहे आणि बहुतेक लिनक्स प्रणालींप्रमाणे तीत पर्ल नावाची भाषा आधीपासूनच आहे. गेल्या वर्षी भूगोलाच्या सरांनी मला ती उघडून दाखविली व म्हणाले, "मराठी घेतेस ना? मग ही भाषा तुझ्याच कामाची आहे."

त्या भाषेत मजकूर छापणे आणि तिने दिलेले इशारे हाताळणे, एवढाच या लेखाचा विषय. तज्ज्ञाने लिहावे असे यात काही नाही. माझ्या हातून एक चूक झाली, त्या चुकीची झळ मला नव्हे तर माझ्या आईला लागली, आणि त्यानंतर मी जे शिकले ते येथे मांडीत आहे.

आरंभी एक खुलासा. पर्लच्या आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात. वाचकांच्या सोयीसाठी येथे त्यांचे उच्चार नागरीत दिले आहेत. तसेच ज्यांना आपण व्यवहारात 'इंग्रजी आकडे' आणि 'मराठी आकडे' म्हणतो, त्यांना येथेही तेच म्हटले आहे. या लेखात हा भेद फार महत्त्वाचा आहे.

भाषेच्या विद्यार्थ्याने केलेली भाषा

पर्ल ही भाषा लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी तयार केली. तिची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी प्रसिद्ध झाली. वॉल यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात भाषाशास्त्राचा अभ्यास केला होता. जिला लिपी नाही अशी एखादी बोली शोधावी आणि तिला लिपी द्यावी, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा त्या काळी मनोदय होता. ते घडले नाही. पण त्यांच्या हातून संगणकाची एक भाषा घडली.

म्हणूनच की काय, पर्लमध्ये व्याकरणाच्या खुणा ठायी ठायी दिसतात. एका वस्तूच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह येते, तर अनेक वस्तूंच्या यादीआधी 'ॲट'चे चिन्ह. म्हणजे एकवचन आणि अनेकवचन आलेच. 'ते' या सर्वनामासारखे एक चिन्हही आहे. नाव न घेता नुकत्याच हाती घेतलेल्या वस्तूचा निर्देश त्याने होतो. अशा भाषांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. आज्ञा एका साध्या फाइलीत ओळीखाली ओळ लिहावयाच्या आणि लागलीच चालवून पाहावयाच्या. मध्ये दुसरा सोपस्कार नसतो, त्यामुळे नवशिक्याला हुरूप येतो.

'प्रिंट' म्हणजे काय?

पहिली शिकायची आज्ञा 'प्रिंट'. तिच्या नावात छपाई असली तरी मजकूर उमटतो तो पडद्यावर. पूर्वी संगणकाची उत्तरे टेलिप्रिंटरसारख्या यंत्रातून खरोखरच कागदावर येत. ती यंत्रे गेली, शब्द मागे राहिला.

प्रिंटची एक खोड लक्षात ठेवावी लागते. दिलेला मजकूर ती छापते, पण ओळ संपवीत नाही. दोन वेळा प्रिंट केले तर दोन्ही मजकूर एकमेकांना चिकटून उभे राहतात. ओळ संपवायची असेल तर उलटी तिरपी रेघ आणि 'एन' हे अक्षर मजकुराच्या शेवटी द्यावे लागते. पुढे २००७ साली आलेल्या ५.१० या आवृत्तीपासून 'से' नावाची आज्ञाही मिळाली. ती ओळ आपणहून संपविते, मात्र वापरण्याआधी तिची परवानगी आरंभी मागावी लागते.

मी छापलेला पहिला शब्द 'धाराशिव'. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलून धाराशिव झाले, तेव्हा तोच शब्द बोटांवर आला. तो छान उमटला. मग सरांनी 'लेंग्थ' ही आज्ञा सांगितली. तिने शब्दाची लांबी कळते. धा-रा-शि-व अशी चार अक्षरे आपण बोटांवर मोजतो. पर्लने उत्तर दिले : २१!

ही संख्या चुकीची नव्हती, ती दुसऱ्याच गोष्टीची मोजणी होती. संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. जगातील लिप्यांचे क्रमांक ठरविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखलेला आहे. तेथे 'ध' वेगळा आणि काना वेगळा. अशा हिशेबाने 'धाराशिव' हा शब्द सात चिन्हांचा होतो : ध, काना, र, काना, श, वेलांटी, व. ही चिन्हे साठविताना आज बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात आणि तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सात त्रिक एकवीस. 'तुळजापूर' आपल्याला पाच अक्षरांचे वाटते. ते आठ चिन्हांचे आणि चोवीस बाइटांचे आहे. 'लोहारा' तीन अक्षरांचा, पण सहा चिन्हांचा आणि अठरा बाइटांचा.

याचा व्यवहारातला परिणाम असा की, 'पहिले दहा बाइट घे' असे सांगितले तर पर्ल तीन चिन्हे पुरी घेते आणि चौथ्याचा लचका तोडते. मग शब्दाच्या शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. एखाद्या छापील यादीत मराठी नावाच्या टोकाला असा चौकोन दिसला, तर तेथे बहुधा असेच काही झालेले असते.

पहिला इशारा

यावरचा उपाय म्हणजे 'यूज यूटीएफ-८' ही ओळ. 'या आज्ञावलीतला मजकूर बाइटांनी नव्हे, चिन्हांनी वाच,' असे तिने सांगता येते. ती घालताच लांबी सात आली. पण त्याबरोबर पडद्यावर एक नवीनच इंग्रजी वाक्य उमटले : 'वाइड कॅरॅक्टर इन प्रिंट', आणि पुढे ओळीचा क्रमांक.

शब्दशः अर्थ 'छापताना रुंद चिन्ह'. एका बाइटात ० ते २५५ एवढेच क्रमांक मावतात. 'ध'चा क्रमांक २३४३. 'हे चिन्ह एका बाइटाच्या दारातून जात नाही आणि बाहेर कोणत्या पद्धतीने पाठवायचे ते तुम्ही सांगितलेले नाही,' असे पर्लचे म्हणणे होते. इतके सांगून तिने शब्द मात्र नीट छापला. म्हणजे तक्रारही केली आणि कामही केले.

येथे चूक आणि इशारा यांतला भेद समजून घ्यावा. चूक झाली की आज्ञावली थांबते. ती दुरुस्त केल्यावाचून गत्यंतर नसते. इशारा दिल्यावर ती थांबत नाही. आपला संशय सांगते आणि पुढे चालू लागते. चूक दार अडवून उभी राहते. इशारा जाता जाता कानात सांगतो. ऐकायचे की नाही, हे ऐकणाऱ्यावर.

मी ऐकले नाही. शब्द तर बरोबर छापला होता, मग ही कटकट कशाला? प्रत्येक मराठी ओळीमागे तेच वाक्य येऊ लागले तेव्हा मी कंटाळले. आज्ञावलीच्या आरंभी 'यूज वॉर्निंग्ज' अशी एक ओळ असते. २००० साली आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून इशारे सुरू करण्याचा हा प्रघात आहे. ती ओळ मी पुसून टाकली आणि तिच्या जागी 'नो वॉर्निंग्ज' असे लिहिले. पडदा स्वच्छ झाला. मोठेच काम केल्यासारखे मला वाटले.

नऊ हजार सहाशे दोन

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. गावातील बारा बायकांच्या बचत गटाचा हिशेब ती ठेवते. प्रत्येकीचे महिन्याला २०० रुपये. वही तिच्या हातची, आकडे मराठी, वळण थोरले आणि सुबक. वर्षअखेरीच्या बैठकीसाठी ती यादी मी छापून द्यावी असे तिला वाटले. मुलगी कॉलेजात संगणक शिकते, ही गोष्ट गटातल्या बायकांना दिसावी, असेही वाटले असणार. ते तिने बोलून दाखविले नाही.

पहिली सात नावे मी घरीच मोबाईलवर लिहून घेतली. तेथे मराठी कळफलक होता, त्यामुळे आकडेही मराठी आले. उरलेली पाच नावे दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात घातली. तेथे आकडे इंग्रजी आले. त्यांतील एका रकमेत मी सवयीने हजाराच्या जागी स्वल्पविराम दिला. प्रत्येक ओळीत नाव, मग एक उभी रेघ, मग रक्कम. पर्लने एकेक ओळ वाचायची, छापायची आणि रक्कम बेरजेत मिळवायची. दहाच ओळींची आज्ञावली होती. ती मी चालविली, छापून घेतली आणि कागद आईच्या हाती दिला.

बैठकीत कागद वाचला गेला. बारा नावे आणि प्रत्येकीपुढे २४०० ही रक्कम, सारे बरोबर. खाली एकूण : ९६०२.

खरी बेरीज २८,८००. मी तेथे नव्हते, नंतर ऐकले. एक बाई म्हणाल्या, "मग बाकीचे गेले कुठं?" त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण बारा घरांच्या पैशाचा प्रश्न होता आणि वही माझ्या आईच्या ताब्यात होती. आई काही बोलली नाही. तिने पिशवीतून आपली वही काढली, सगळ्यांसमोर एकेकीचा आकडा मोठ्याने वाचून बेरीज पुन्हा केली आणि वही फिरवून दाखविली. माझा कागद घडी करून तिने कमरेला खोचला.

रात्री तो माझ्यापुढे ठेवून ती एवढेच म्हणाली, "आगं, आपल्यात समद्या रकमा दोनशेच्या पटीत. ह्यात हे वरचे दोन रुपये कुठनं आले?"

मी निरुत्तर झाले. मग तिने विचारले, "त्या यंत्रानं तुला काहीच सांगितलं न्हाई का?"

त्याने सांगितले असते. मीच त्याचे तोंड बांधून ठेवले होते.

आठ इशारे

दुसऱ्या दिवशी 'नो वॉर्निंग्ज' काढून मी पुसलेली ओळ पुन्हा घातली. बाहेर जाणारा आणि आत येणारा मजकूर यूटीएफ-८ आहे, हेही सरांकडून शिकून आरंभीच सांगितले. छापण्याच्या बाजूने ते 'बिनमोड' या आज्ञेने सांगता येते. ते करताच 'वाइड कॅरॅक्टर'ची तक्रार आपोआप थांबली. पहिल्या इशाऱ्याचा उपाय एका ओळीचा होता; मी तो न करता इशाराच घालविला होता.

मग यादी चालविली. आठ इशारे आले. प्रत्येकाचा आशय असा : 'बेरजेत दिलेली ही वस्तू संख्या नाही.' शेवटी दोन क्रमांक होते. एक आज्ञावलीतील ओळीचा, दुसरा यादीतील ओळीचा. यादीतील क्रमांक होते १ ते ७ आणि १०. सात मराठी आकड्यांचे, आणि एक स्वल्पविरामाचा. पर्लने अपराधी ओळींवर बोट ठेवून दाखविले होते.

याचे कारण असे. इंग्रजी दोनचा क्रमांक ५० आणि मराठी दोनचा २४०८. आपल्या डोळ्यांना दोन्ही 'दोन'च. पण पर्ल बेरीज करताना केवळ इंग्रजी आकड्यांनाच संख्या मानते. मजकूर डावीकडून वाचीत जाते आणि जेथवर इंग्रजी आकडे आहेत तेथवरची संख्या घेते. मराठी २४०० मध्ये पहिल्याच चिन्हाला अडखळते, म्हणून त्याची किंमत शून्य. स्वल्पविराम असलेल्या रकमेत दोननंतर अडखळते, म्हणून किंमत दोन. उरलेल्या चार रकमा धड होत्या. चार वेळा २४०० म्हणजे ९६००, आणि वरचे दोन. आईने विचारलेले दोन रुपये ते हेच.

मग छापलेल्या रकमा बरोबर कशा आल्या? कारण छापण्यासाठी संख्या लागत नाही. 'प्रिंट'ला जे मिळेल ते ती छापते. तोच मजकूर 'प्रिंट'पुढे आला तर शब्द, आणि अधिक चिन्हापुढे आला तर संख्या, अशी पर्लची रीत आहे. त्यामुळे वरच्या बारा ओळी खऱ्या आणि खालची एक खोटी असा कागद तयार होऊ शकतो, आणि वरचे सारे बरोबर पाहून वाचणारा खालच्यावरही विश्वास ठेवतो.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. पर्लला बाहेर जाण्याचे दोन मार्ग आहेत. 'प्रिंट'चा मजकूर एका मार्गाने जातो आणि इशारे दुसऱ्या. उत्तर फाइलीत वळविले तरी इशारे पडद्यावरच राहतात. ही सोय चांगली आहे, कारण यादीत तक्रारी मिसळत नाहीत. पण त्याचा अर्थ असाही होतो की, छापील कागदावर उत्तर तेवढे येते, शंका येत नाही. ज्याच्या हाती कागद पडतो त्याला इशारा कधीच दिसत नाही. तो पाहण्याची जबाबदारी पडद्यासमोर बसलेल्याची.

इशारे हाताळण्याच्या रीती

या अनुभवानंतर मी ज्या रीती शिकले त्या थोडक्यात सांगते.

पहिली रीत म्हणजे इशारा वाचणे. इंग्रजी अवघड वाटले तर 'यूज डायग्नॉस्टिक्स' ही ओळ घालावी. मग पर्ल प्रत्येक इशाऱ्याखाली त्याचे सविस्तर स्पष्टीकरण देते. मी शब्दकोश शेजारी घेऊन ती स्पष्टीकरणे वाचते. इंग्रजीच्या तासाला न कळलेली काही वाक्यरचना मला तेथे कळली.

दुसरी, कारण दूर करणे. आता माझी आज्ञावली प्रत्येक रक्कम घेताच मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करते (त्यासाठी अक्षराला अक्षर बदलणारी एक आज्ञा आहे), मग स्वल्पविराम काढते आणि मगच बेरीज करते. येथे एक खड्डा आहे. 'हा आकडाच आहे ना?' असे तपासण्याची जी नेहमीची खूण आहे, ती मराठी आकड्यांनाही 'होय' म्हणते. म्हणजे तपासणीत २४०० उत्तीर्ण आणि बेरजेत शून्य! म्हणून 'इंग्रजी शून्य ते नऊ' असे स्पष्ट लिहूनच तपासावे. पायथन या भाषेत मराठी २४०० ची संख्या नीट होते, मात्र स्वल्पविराम दिसताच ती चूक दाखवून थांबते. प्रत्येक भाषेचा स्वभाव निराळा.

तिसरी, आपण स्वतः इशारा देणे. त्यासाठी 'वॉर्न' ही आज्ञा आहे, आणि थांबायचेच असेल तर 'डाय'. दोन्हींच्या मजकुराअखेरीस ओळ संपविली नाही, तर पर्ल तेथे ओळीचा क्रमांक आपणहून जोडते. माझ्या आज्ञावलीत रक्कम ओळखू आली नाही तर 'डाय' त्या सभासदाचे नाव सांगते आणि काम थांबते. हिशेबात अर्धवट उत्तरापेक्षा उत्तर नसणे बरे.

चौथी, इशाऱ्यालाच चुकीचा दर्जा देणे. 'यूज वॉर्निंग्ज' या ओळीत 'फेटल' हा शब्द घालून सांगता येते की, अमुक जातीचा इशारा आला तर पुढे जाऊच नकोस. पैशाच्या कामात मी संख्येच्या इशाऱ्यांना हाच नियम लावते.

पाचवी, गप्प करणे. तीही आज्ञा आहे : 'नो वॉर्निंग्ज'. ती वाईटच असे नाही. इशाऱ्याचे कारण पुरते समजले आहे, त्याने काही बिघडत नाही अशी खात्री आहे, तर त्या एका जातीचा इशारा, तेवढ्याच चार ओळींपुरता बंद करावा. मी केले ते याच्या उलट. कारण समजण्याआधीच सगळ्या जातींचे इशारे सगळीकडे बंद केले. पहिला इशारा निरुपद्रवी निघाला, म्हणून पुढचे सारे तसेच असतील असे मी धरून चालले. नाचता येईना अंगण वाकडे, तशी मी काही वेळ यंत्रालाही दोष दिला. पण यंत्र वाकडे नव्हते.

आई शाळेत चार वर्षे गेली, मी चौदा. तरी त्या कागदातील दोष तिला दिसला आणि मला दिसला नाही. रकमा दोनशेच्या पटीत असतात हे तिला ठाऊक होते, म्हणून ते दोन रुपये तिच्या डोळ्यांत खुपले. यंत्र चिन्हांवरून संशय घेते. माणूस व्यवहाराच्या ज्ञानावरून घेतो. हिशेबाला दोन्ही लागतात.

नवी यादी मी पुढच्या बैठकीला छापून दिली. बेरीज २८,८०० आली आणि खाली 'एकूण बारा ओळी वाचल्या' असेही छापले. बायकांनी ती मान्य केली. आईने मात्र वही बंद केलेली नाही. माझ्या कागदावरची प्रत्येक रक्कम ती आपल्या वहीशी ताडून खूण करते, आणि कागद हाती घेण्याआधी दर वेळी विचारते, "आज काही म्हणालं का ते?"

काही म्हणाले असेल तर मी तिला ते वाचून दाखविते.